आदरपूर्वक जाळल्याबद्दल

ताईच्या धाकट्या भावानं भर चौकात पवित्र ग्रंथ जाळला, तेव्हा शेजारी पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. बादली ताईची होती. ग्रंथही ताईचाच होता. काडेपेटी तेवढी त्यानं स्वतःच्या पैशानं आणली होती. हे तो पुढे पोलिसांना, वकीलबाईंना आणि न्यायाधीशांना कुणी न विचारता सांगत राहिला. प्रकरणातला स्वावलंबनाचा भाग कुणाच्या नजरेतून सुटू नये, एवढीच त्याची इच्छा.

त्याला घरीदारी सगळे मुद्देराव म्हणत. बोलायला लागल्यापासून त्याचं प्रत्येक वाक्य 'मुद्दा असा आहे' इथून निघायचं. पुढे तो एका शाळेत प्रयोगशाळेचा मदतनीस झाला. परीक्षानळ्या धुणं हे त्याचं काम. परीक्षानळ्यांशी मतभेद होत नसल्यामुळे नोकरी बरीच वर्षं टिकली होती.

गोष्ट सुरू झाली त्याच शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांपासून. वर्गात एका मुलीनं प्रश्न विचारला आणि मास्तर बोलून गेले, की ग्रंथाचा शेवटचा अध्याय बहुतेक मागाहून कुणी जोडला असावा. 'बहुतेक' म्हणाले होते. 'असावा'सुद्धा म्हणाले होते. एवढ्या दोन उशा लावूनही वाक्य टोचायचं ते टोचलंच. धर्मसभेनं शाळेला पत्र पाठवलं आणि शाळेनं मास्तरांना घरी. मुद्देरावानं सह्या गोळा केल्या, खेटे घातले, जोडे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, विषय नाजूक आहे. शेवटी त्यानं चौकातल्या धर्मसभेच्या कचेरीसमोर जाऊन ग्रंथाला काडी लावली आणि गळ्यात पुठ्ठा अडकवला : 'कागद जाळला तर गुन्हा. माणसाच्या पोटावर पाय दिला तर?'

पुठ्ठाही ताईच्या कारखान्यातलाच होता.

कारण ताई कामाला होती तो छापखाना हाच ग्रंथ छापायचा. बांधणी खात्यात तपासणीच्या टेबलावर ती बसायची. शिलाई होऊन, कव्हर चढून प्रत पुढ्यात आली की पानं भराभर सोडायची. कुठे सोळा पानांचा फर्मा उलटा शिवलाय का, कुठे शाई पसरलीय का, कुठे तेच पान दोनदा आलंय का, हे बघायचं. नीट असेल ती प्रत उजवीकडे, खराब ती डावीकडे. उजवीकडची लोकांच्या देव्हाऱ्यात जायची, डावीकडची मागच्या अंगणातल्या भट्टीत. बाद प्रत रद्दीत घालायची नाही, उद्या कुणी त्यात चप्पल गुंडाळली तर काय, असा धर्मसभेचाच दंडक होता. जाळायची, पण रीतीनं : हात धुवायचे, डोकं झाकायचं, वाकायचं, मग काडी. हे कामही ताईकडेच होतं. म्हणजे हिशेबच मांडला, तर गावात ग्रंथ जाळण्याचा सगळ्यात मोठा अनुभव ताईच्या गाठीला होता आणि त्यासाठी तिला पगार मिळत होता.

ती श्रद्धाळू होती. बाद प्रतींपैकी एक तिनं नियम मोडून घरी आणली होती. मधला एक फर्मा उलटा, बाकी प्रत चांगली. इतक्या चांगल्या प्रतीला काडी लावायला तिचा हात धजेना. ती प्रत तिच्या उशाशी असायची. उलटा फर्मा आला की ती ग्रंथ उलटा धरून वाचायची. नवऱ्याला सुरुवातीला काळजी वाटली, मग सवय झाली.

मुद्देरावानं नेमकी तीच प्रत उचलली.

कोठडीत भेटायला गेली तेव्हा ताईनं पहिलं तेच विचारलं. "अख्ख्या गावात दुसरी मिळाली नाही तुला?"

"विकत घेतली असती तर पैसे धर्मसभेला गेले असते. तत्त्वात बसत नाही ते."

"आणि बहिणीच्या उशाखालून उचलणं बसतं?"

"तूच म्हणाली होतीस, बाद प्रत आहे म्हणून! मला वाटलं, कधीतरी जाळायचीच आहे तुला."

ताईनं कपाळावर हात मारला. जोरात मारला. बाहेरच्या हवालदारानं दचकून आत पाहिलं.

शेजारी बसलेल्या त्याच्या वकीलबाई मात्र हे ऐकून खुर्चीत ताठ झाल्या. तरुण होत्या, हुशार होत्या, आणि आत्तापर्यंत या खटल्याकडे दाढदुखीकडे बघावं तसं बघत होत्या. "थांबा थांबा. ती प्रत बाद होती? आणि बाद प्रती तुमच्याकडे जाळतातच?"

"रीतीनं जाळतो," ताई म्हणाली.

"रीत काय?"

ताईनं रीत सांगितली. वकीलबाईंनी फोन काढून चौकातला व्हिडिओ लावला, जो एव्हाना गावातल्या प्रत्येक माणसानं निषेध म्हणून निदान दहादा तरी बघितला होता. तिघांनी डोकी एकत्र केली. ऊन होतं म्हणून मुद्देरावानं डोक्याला रुमाल बांधला होता. बादली उचलताना हिंदकळून त्याचे दोन्ही हात भिजले होते. आणि चांगला बांधलेला ग्रंथ मिटलेला असताना धड पेट घेत नाही, हे त्याला माहीत नसल्यामुळे तो पुन्हा पुन्हा खाली वाकून फुंकर मारत होता.

"डोकं झाकलंय," वकीलबाई कुजबुजल्या. "हात धुतलेत. वाकलाय. कितीदा वाकलाय! अहो, हे तर आदरपूर्वक विसर्जन आहे!"

"मी निषेध करत होतो!" मुद्देराव गजांमागून ओरडला.

"तुम्ही गप्प बसा," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या बाजूनं चाललंय."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी बोलावल्यावरून धर्मसभेचे अध्यक्ष स्वतः छापखान्यात आले. सत्तरीचा शांत माणूस. चहा घेतला, चष्मा पुसला, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. त्यांची अडचण निराळीच होती. जाळणं हाच अपमान असं कोर्टानं एकदा ठरवलं, की छापखान्याची भट्टी बंद. मग बाद प्रतींचं करायचं काय? ठेवायच्या कुठे? मागच्या गोदामाला आधीच वाळवी लागली होती, आणि वाळवीनं ग्रंथ खाल्ला तर तो अपमान धरायचा की नाही, यावर धर्मसभेत आधीच दोन तट पडले होते.

"जाळण्या-जाळण्यात फरक असतो," अध्यक्ष म्हणाले.

"काय फरक असतो?" वकीलबाईंनी विचारलं.

"भाव."

"तो व्हिडिओत कुठे दिसतो?"

अध्यक्षांनी व्हिडिओ परत सुरुवातीपासून पाहिला. त्यांनी एक सुस्कारा सोडला. "खरं सांगू? आमची माणसंसुद्धा इतकं वाकत नाहीत."

असं ठरलं. मुद्देरावानं लिहून द्यायचं, की मी एका सदोष प्रतीची आदरपूर्वक विल्हेवाट लावली. जागा चुकली, त्याबद्दल दिलगीर आहे. अध्यक्ष म्हणणार, आमची हरकत नाही. ताई साक्ष देणार, की प्रत बाद होती आणि जाळलं ते रीतीनं. न्यायाधीश हातोडा आपटणार, मुद्देराव घरी. पुठ्ठ्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. मास्तरांचं नावही कुणी घेतलं नाही, पण ते काही ठरवून नव्हे. ते कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

ताई तो कागद घेऊन कोठडीत गेली. देवाला मनातल्या मनात पेढे कबूल करून गेली.

मुद्देरावानं कागद वाचला. शांतपणे घडी घातली. गजांतून परत दिला.

"नाही."

"काय नाही?"

"सही नाही करणार. ताई, मुद्दा असा आहे—"

"मुद्दा गेला चुलीत! सही कर. जामीन नाकारलाय तुला. शाळेतून तुला काढायला निघालेत. तुझ्यामुळे मी रोज खाली मान घालून कामाला जाते. सही कर आणि घरी चल. घरी आल्यावर काय ते बरळ."

"मी अपमान केला, ताई. विचार करून, ठरवून केला. आणि तो करायचा मला हक्क आहे, एवढंच मला म्हणायचंय. आता हे म्हणतात, तू अपमान केलाच नाहीस. म्हणजे मला सोडणार, पण माझं बोलणं आतच ठेवणार. मी काय भट्टीवरचा कामगार आहे का?"

"भट्टीवर मी आहे," ताई म्हणाली. "आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

तो ओशाळला. मग बहीणभावाच्या खासगी आवाजात त्यानं विचारलं, "तुला लागलं का गं?"

ताईला हा प्रश्न इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता. वकीलबाईंनी रीत विचारली होती. अध्यक्षांनी भट्टीची उंची विचारली होती. नवऱ्यानं, घरी कधी येणार, एवढंच विचारलं होतं.

"त्यात माझ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या," ती म्हणाली. "समासात लिहायचे मी. जे पटलं त्याच्या पुढे टिंब. नाही पटलं तिथे लिहायचे, हे पटत नाही. कितीतरी ठिकाणी लिहिलं होतं. काही ठिकाणी दोन-चार वर्षांनी परत वाचून खोडलं होतं, आता पटलं म्हणून. ते सगळं तू जाळलंस. आणि वर चौकात. आणि वर लोक टाळ्या वाजवत होते. दोघेच होते म्हणा टाळ्या वाजवणारे, पण वाजवत होते."

मुद्देरावानं पहिल्यांदाच मुद्द्याशिवाय तोंड उघडलं.

"प्रत चुकली," तो म्हणाला. "त्याबद्दल माफी मागतो, मनापासून. जाळणं चुकलं नाही."

"मेल्या, माफीलासुद्धा खाली तळटीप!"

तिनं कागद पर्समध्ये कोंबला आणि निघाली. बाहेर वकीलबाईंनी धीर दिला. त्याची सही नसली तरी चालेल, म्हणाल्या. तुमची साक्ष पुरेशी आहे. साहेब तुम्हाला विचारतील, हे जाळणं आदरपूर्वक होतं का. तुम्ही हो म्हणायचं. तुमच्याएवढा अनुभव कुणाला आहे? एक 'हो'. त्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही.

खटल्याची खोली लहान होती, पंखा मोठा होता, आणि पंख्याच्या आवाजात कुणालाच काही धड ऐकू येत नव्हतं. बाकांवर एका बाजूला धर्मसभेचे लोक दाटीवाटीनं बसले होते. दुसऱ्या बाजूला टाळ्या वाजवणारे दोघे आणि नोकरी गेलेले मास्तर. मास्तर इतके अंग चोरून बसले होते, की टेकलेल्या छत्रीसारखे दिसत होते.

न्यायाधीश दमलेले गृहस्थ होते. अर्धवट जळालेला ग्रंथ त्यांच्यासमोर पारदर्शक पिशवीत ठेवला होता. ताईनं पाहिलं, तर उलटा फर्मा वाचला होता. जिथे काही नीट नव्हतं, तेवढंच शिल्लक राहिलं होतं.

"ही प्रत बाद होती?"

"होय, साहेब."

"बाद प्रती तुम्ही जाळता?"

"होय, साहेब."

"हा व्हिडिओ तुम्ही पाहिलात. आरोपीचं डोकं झाकलेलं आहे, हात धुतलेले आहेत, तो वाकतो आहे. तुमच्या रीतीप्रमाणे हे आदरपूर्वक जाळणं म्हणता येईल का?" त्यांनी प्रश्न इतक्या मायेनं विचारला, की त्यांनाही लवकर जेवायला जायचं असावं, हे उघड होतं.

वकीलबाईंनी मान हलवली. अध्यक्षांनीही हलवली. धर्मसभेच्या बाकावरच्या लोकांनी, हा काय प्रकार चाललाय ते न कळून, अध्यक्षांकडे बघत हलवली. खोलीत एकच मान हलत नव्हती. ती आरोपीच्या पिंजऱ्यात होती. तो बहिणीकडे बघत होता.

ताईच्या तोंडात 'हो' तयार होता. दातांपर्यंत आला होता. आणि तिला एकदम प्रचंड राग आला. भावाचा आला, तो नेहमीचाच. पण त्याच्याबरोबर या मान हलवणाऱ्यांचाही आला. तिनं हो म्हटलं, की काही झालंच नव्हतं. मुद्देराव काही बोलला नव्हता, मास्तरांचं काही गेलं नव्हतं आणि उशाशी वाचलेला तिचा ग्रंथ म्हणजे भट्टीचं एक राहून गेलेलं काम होतं.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "अपमानच केला त्यानं."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही बचावाच्या साक्षीदार आहात."

"माहीत आहे. मला लागलंय ते. लागलं नाही असं मी कुणासाठी म्हणणार नाही. पण म्हणून त्याला आत ठेवा असंही माझं म्हणणं नाही. सोडा त्याला."

"अपमान झाला असेल तर शिक्षा. झाला नसेल तर सुटका. तुम्ही अपमान आणि सुटका दोन्ही मागताय."

"होय."

"कशाच्या आधारावर?"

"साहेब, हा कळायला लागल्यापासून माझा अपमान करतोय. दर वेळी आत टाकलं असतं, तर शाळासुद्धा पुरी झाली नसती त्याची. लागलं की मी त्याला बोलते. तो मला बोलतो. अजून कुणी मेलं नाही."

बाकावर कुणीतरी हसलं. अध्यक्ष उठले. त्यांचा आवाज खरंच कापत होता. "बाई, आमच्याही भावना दुखावल्यात. आम्ही मोठ्या मनानं मिटवत होतो."

"दुखावल्याच असणार, काका," ताई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही तर माझ्याहून जास्त वाचलाय ग्रंथ. मग त्याला तसं तोंडावर सांगा ना. ओरडून सांगा. तुमच्याच दारात उभा होता तो. ते मास्तर बहुतेक म्हणाले होते, तर त्यांना घरी बोलवून दाखवायचं, शेवटचा अध्याय कसा पहिल्यापासूनचाच आहे ते. मला ऐकायला आवडलं असतं. तुम्ही पत्र पाठवलंत. वाद घालायला कुणी नाहीच म्हटल्यावर हा पेटवत सुटला."

"म्हणजे चूक आमची?"

"त्याचीही आहे. त्याचं मी घरी बघून घेते. पण घरी सोडा तर खरं!"

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते म्हणाले, की बाईंचं म्हणणं मला माणूस म्हणून समजतं, पण ते कोणत्या कलमाखाली नोंदवायचं हे समजत नाही. समझोत्याचा पाया साक्षीदारानंच काढून घेतला आहे. अपमान अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतो की नाही, हा प्रश्न आता या कोर्टाला टाळता येणार नाही. तो टाळायची त्यांची मनापासून इच्छा होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पुढची तारीख. तोवर आरोपी कोठडीतच.

"एक 'हो' म्हणायचं होतं, ताई," वकीलबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "दोन अक्षरंसुद्धा नव्हती."

बाहेरच्या व्हरांड्यात हवालदार मुद्देरावाला गाडीकडे नेत होता. मुद्देरावाचा चेहरा असा उजळला होता, की कुणाला वाटावं हाच सुटला. "ताई! काय बोललीस! अपमानच केला म्हणालीस!"

"माझ्याशी बोलू नकोस."

"नाही, पण तुला पटलं ना?"

"डोंबल पटलं. ग्रंथ जाळणं हे मूर्खपणाचं काम आहे आणि तू मूर्ख आहेस. एवढंच की मूर्खपणाला तुरुंग नसतो."

"हाच तर मुद्दा आहे! आणि मास्तर बरोबरच बोलले. शेवटचा अध्याय बघ ना. भाषाच निराळी. आधीचं सगळं कसं ठाशीव, आणि तिथे एकदम लहान लहान वाक्यं, मध्येच तुटलेली, तेच तेच परत."

ताई जागच्या जागी थांबली. "तू वाचलायस?"

"शेवटचा अध्याय वाचलाय."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा... चाळलाय."

"न वाचता जाळलास?"

"वाचायला वेळ लागतो गं. निषेध ताजा असताना करावा लागतो."

"अरे गाढवा, मी इतकी वर्षं त्याच्याशी पानोपानी भांडतेय, मी नाही जाळला. आणि तू चाळून जाळतोस?"

"विषय बदलू नकोस. भाषा निराळी आहे की नाही?"

"आहे!"

"झालं तर मग! दुसऱ्या कुणीतरी लिहिला."

"चला, गाडी लागलीय," हवालदार म्हणाला.

"थांबा हो जरा," दोघंही एकदम म्हणाली.

पण हवालदार थांबला नाही. मुद्देरावाला आत चढवलं, जाळीचं दार लावलं. तो जाळीतून बोटं बाहेर काढून ओरडत होता, "उत्तर नाही ना तुझ्याकडे? नाही ना?" ताईकडे खरंच नव्हतं. ती तोंड उघडं ठेवून उभी होती आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि उत्तर आलं. सगळंच्या सगळं आलं. आईचं शेवटी कसं झालं होतं? जन्मभर ठणठणीत बोलणारी बाई, अखेरच्या महिन्यात लहान लहान वाक्यं बोलायची, मध्येच तोडायची, तेच तेच विचारायची. मुद्देरावाला दादा म्हणायची. ती आई काय मागाहून कुणी जोडली होती? म्हातारं झालं, जायची वेळ आली, की माणसाची भाषा निराळी होते, रे मूर्खा! तीच तर खूण आहे, की माणूस तोच आहे!

ती फाटकापर्यंत धावली. रस्त्यावर धुरळा होता आणि एक सायकलवाला होता. उत्तर फार चांगलं होतं, आणि ते सायकलवाल्याला सांगून उपयोग नव्हता.

ताई तशीच मागे वळली, धापा टाकत तारखा देणाऱ्या खिडकीवर गेली. "पुढची तारीख अलीकडे घ्या."

आतल्या कारकुनानं वर पाहिलं. "सगळ्यांनाच अलीकडे हवी असते. कारण काय? तब्येत? घरी कुणी आजारी?"

"मला त्याला उत्तर द्यायचंय."

"आरोपीला?"

"आरोपीला. माझा भाऊ आहे. त्याला वाटतंय मी हरले."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "बाई, असं कारण चालत नाही."

"मग चालणारं कारण सांगा," ताई म्हणाली आणि खिडकीसमोरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. "मी थांबते."